रिकाम्या रानातली राखण

आक्का गेल्या तेव्हा त्यांच्या एकाच बुटाची नाडी बांधून झाली होती. डाव्या. उजवा बूट पायात होता, पण नाडी मोकळी लोंबत होती. तंबूच्या दारात सॅकवर बसून त्या वाकल्या होत्या आणि मी पाच-सहा पावलांवर, दगडांच्या आडोशाला स्टोव्ह मांडून चहा करत होते. "शोभे, आज दुधाची पावडर जरा दाबून टाक. कालचा च्या निस्ता पाणी व्हता," त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले. पावडर टाकली, ढवळली, दोन कप भरले आणि वळून पाहिलं तर आक्का अजून वाकलेल्याच. वाटलं, नाडीची गाठ बसली असेल, सोडवत असतील. "आक्का, चहा…" म्हणत जवळ गेले.  हातातले कप मी आधी सपाट दगड बघून नीट खाली ठेवले, थेंबही सांडू दिला नाही. हे मला स्वच्छ आठवतं, आणि तेवढी शुद्ध माझ्या हातांना तेव्हा कुठून आली याचं अजून नवल वाटतं. मग त्यांच्या खांद्याला हात लावला. आक्का एका अंगावर कलंडल्या, अगदी सावकाश, मांडीवर झोपलेलं पोर कलंडावं तशा.

"आक्का, उठा. आक्का, उठा ना…" किती वेळ मी तेच म्हणत होते, माहीत नाही. छाती दाबली, तोंडात वारा भरला, तळपाय चोळले. समोरचं पठार जसंच्या तसं पसरलेलं होतं. कोवळं ऊन, तपकिरी डोंगर, लांबवर काठाला मीठ साचलेलं निळं तळं. सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे आमचा घोडेवाला ताशी, आणि तो चरत चरत लांब गेलेले घोडे आणायला डोंगराच्या वळणापलीकडे गेला होता. त्याच्यानंतरची माणसं थेट खिंडीच्या पल्याड, दिवसभराच्या चालीवर.

आता दीड महिना होऊन गेला. डॉक्टरांनी नंतर कागदावर हृदयविकाराचा तीव्र झटका असं लिहिलं. निघण्याआधी सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही निघालं नव्हतं. साठी ओलांडलेली ही बाई आमच्या घराचा जिना एक सोडून एक पायरी चढायची आणि वर जाऊन मला हाक मारायची, "आली का नाय गं अजून?" भेटायला येणाऱ्यांना मी सगळं क्रमानं सांगते, ते मान हलवतात, हळहळतात, आणि ते गेले की मी पुन्हा तिथंच येऊन उभी राहते. एका बुटाची नाडी आणि दुसऱ्या बुटाची नाडी, यांच्या मधल्या तेवढ्याशा जागेत एवढं मोठं माणूस जातं कसं? मला खरंच कळत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, सुमन. आमचं सासर मूळचं कन्नडच्या घाटाजवळच्या एका वस्तीवरचं, मेंढपाळांचं. सासऱ्यांच्या मागं मेंढरं होती आणि मेंढरांमागं आक्का. वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर. कुणाच्या रिकाम्या शेतात रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात मालकाकडून ज्वारी घ्यायची आणि सकाळी पुढं निघायचं. पुढं वसतिगृहात राहून आक्का शिकल्या, मैदान गाजवलं, आणि कन्नडच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. त्यांची शिट्टी बाजारापर्यंत ऐकू यायची म्हणतात. लग्न केलं नाही. मी नवी नवरी असताना भीत भीत विचारलं होतं, तर म्हणाल्या, "मेंढरामागं चालताना कुणी इचारलं नाय, आन शाळेत लागल्यावर मीच इचारायचं इसरले." त्यावर इतक्या मोठ्यानं हसल्या की पुढं विचारायची सोयच राहिली नाही. माझे यजमान त्यांच्याहून बरेच धाकटे. आक्का त्यांना बापू म्हणायच्या, म्हणून सगळं जगच त्यांना बापू म्हणतं. बापू वाळूजला कंपनीत आहेत. निवृत्त झाल्यावर आक्का संभाजीनगरला आमच्याकडे आल्या आणि गारखेड्याच्या आमच्या घरात वरची खोली त्यांनी घेतली. शहराला त्या शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणत. सवय, दुसरं काही नाही.

घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे. आक्कांना त्याचं भारी हसू यायचं. येता-जाता दारातून डोकावायच्या आणि खुर्चीतल्या बाईसमोरच म्हणायच्या, "आगं, ह्या बाईचं नाक-डोळं देवानंच चांगलं केलंय, तू आनखी काय करायलीस?" बाया हसायच्या, मी आतल्या आत धुमसायचे. एकदा दिवाळीत मी म्हणाले, आक्का, बसा जरा, केसांना तेल लावून छान वेणी घालून देते. त्यांनी हात वर करून असा काही नकार दिला की जणू मी कात्रीच घेऊन आले होते. त्यांचा तो अंबाडा कायम घट्ट, कानांवर ओढून बांधलेला. डोक्याला हात लावू द्यायच्या नाहीत. मीही मग नाद सोडला.

उत्तरेकडं जायचं खूळ त्यांच्या डोक्यात निवृत्तीनंतर शिरलं. पहिल्यांदा त्या इथल्याच एका ग्रुपबरोबर हिमालयात जाऊन आल्या आणि नाराज होऊन परतल्या. "निस्ती जत्रा! रांगेनं चाला, रांगेनं जेवा. तंबूला तंबू खेटून. आमच्या शाळेच्या सहलीला यापेक्षा मोकळी जागा आसती." त्यांना हवं होतं ते वेगळंच. शोधत शोधत, लोकांना फोन करत करत त्यांना लडाखच्या पूर्वेच्या अंगाचं ते पठार सापडलं, आणि ताशी सापडला. पठारावर गाव नाही, झाड नाही. उन्हाळ्यात तिथले लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन येतात आणि थंडीची चाहूल लागली की खाली उतरतात. मागं उरतात ते त्यांनी रचलेले दगडांचे गोल आडोसे. त्यानंतरचे थोडे आठवडे तिथं कोणी म्हणजे कोणी नसतं. तेच आठवडे आक्कांना हवे होते. दोनदा एकट्या ताशीबरोबर जाऊन आल्या.

एकदा दुपारी त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या तेव्हा मी विचारलं, "आक्का, एवढं लांब जाऊन बघायचं काय? तिथं काहीच नाही म्हणता." त्या सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "शोभे, लहानपणी आमी कुठंबी टेकलो की कुणीतरी यायचंच. कुणाचं रान हाय ठाव हाय का? उठा. चला, उठा इथून. भाकरीचा घास हातात आसायचा. पार जालन्यापस्तोर, परभणीपस्तोर, सगळ्या जमिनीला मालक. तवा मला वाटायचं, उठा म्हणणारं कुणी नाय आसं रान कुठंतरी आसंल का? ते हाय. म्या बघून आले. तिथं बसलं की बसलं." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. त्या एवढं सलग, न हसता, फार क्वचित बोलत.

मला का नेलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गुडघे कुरकुरायला लागले होते माझे, वजन वाढलं होतं, दिवसभर पार्लरमध्ये उभं राहून संध्याकाळी पाय सुजायचे. एक दिवस माझ्यासमोर बुटांचा खोका आदळला. "उद्यापासनं चालायचं." माझं माहेर खुलताबादचं, वडील एसटीत कंडक्टर. सगळं बालपण मोफत पासावर गेलेलं. "कंडक्टरची पोरगी तू, तुला दोन टप्प्याच्या पुढं जायाचं म्हनलं की बस लागती," असं म्हणत त्यांनी मला गोगाबाबाच्या टेकडीवर चढवलं, मग दौलताबादला, मग खुलताबादहून म्हैसमाळपर्यंत पायी. त्या दिवशी माहेरच्या बाजारात ओळखीची माणसं थांबून बघत होती. नणंद पुढं, भावजय मागं, दोघींच्या पाठीवर सॅक, आणि आक्का मधूनच वळून शिट्टी वाजवायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर पोचल्यावर मात्र त्यांनी कांदा फोडून भाकरीवर ठेवून दिला आणि म्हणाल्या, "आलीस की." एवढंच. पण ते दोन शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर लडाखला गेले. पहिले दोन दिवस नुसतं डोकं धरून पडले होते, तिसऱ्या दिवशी पठारावर आलो तर रडायलाच लागले. इतकं मोकळं मी कधी पाहिलेलं नव्हतं. नजर अडवायला काही नाही, आवाज नाही, दम पुरत नाही. "रडायलीस कामून?" आक्का म्हणाल्या. मी म्हणाले, मला आडोसाच सापडत नाहीये, जायचं कुठं? त्यावर त्या पोट धरून हसल्या. "लाजतीस कुणाला? त्या रानगाढवाला?" खरंच लांबवर रानगाढवांचा कळप उभा राहून आमच्याकडे बघत होता. ताशी पाठमोरा होऊन घोड्यांना थोपटत राहिला. भला माणूस. माझी आपली संभाजीनगरी हिंदी ऐकून त्याला फार गंमत वाटायची. मी म्हणायचे, "ताशीभाई, मेरेकू और चावल नक्को," आणि तो दिवसभर घोड्यांशी बोलताना "नक्को, नक्को" करायचा. त्या आठ-दहा दिवसांत मला आक्का पहिल्यांदा नीट दिसल्या असं वाटतं. घरात त्या सतत कुणाला तरी कामाला लावत असायच्या. तिथं संध्याकाळी त्या मेंढपाळांच्या गोल आडोशात पाय पसरून बसायच्या, दगड हातानं चाचपायच्या, "हे बग, कोकरांसाठी हिकडं निराळं केलंय. आपल्यावानीच की गं," म्हणायच्या, आणि मग तासभर काहीही करायच्या नाहीत.

यंदा मी स्वतःहून विचारलं, कधी जायचं? आक्कांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण संध्याकाळी बापूंना म्हणाल्या, "तुझी बायको सुधारली."

…आणि मग ती सकाळ.

ताशी घोडे घेऊन आला तेव्हा मी आक्कांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं लांबूनच ओळखलं असावं, कारण तो एकदम थांबला आणि घोड्यांचे दोर त्याच्या हातातून सुटले. जवळ येऊन त्यानं नाकापाशी हात धरला, मनगट धरलं, आणि त्यांच्या कपाळाला स्वतःचं कपाळ टेकवून त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. "दीदी, रोना नक्को," म्हणाला. मी रडत नव्हतेच. मला रडू येत नव्हतं. दगडावरचे दोन्ही कप गार झाले होते आणि त्यांच्यावर दुधाची जाडसर साय धरली होती. मी त्या सायीकडे बघत होते.

फोन लागत नव्हता, तिथं तो कधीच लागत नाही. घोड्यावर बांधून न्यावं तर खिंडीची वाट अरुंद, दगड घसरणारे. ताशी बराच वेळ खिंडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दीदी, पत्थर रख देते हैं ऊपर से. अच्छे से. जानवर नहीं आएगा. आप मेरे साथ चलो, नीचे से आदमी लाएँगे. यहाँ का मौसम… पता नहीं."

"और इनकू अकेलेकू छोडके?"

 "वो तो अब…" एवढंच ताशी म्हणाला.

आमच्याकडे मयताला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी पाशी बसतं, दिवा तेवत ठेवतं. हे मी त्याला कुठल्या हिंदीत सांगणार? "तुम जाओ," मी म्हणाले, "मैं बैठती." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पार्लरचं शटर ओढायला मला माणूस लागतो, आणि मी त्या पठारावर एकटी थांबते म्हणत होते. ताशीनं वाद घातला नाही. माझ्याबरोबर आक्कांना उचलून तंबूत निजवलं, पाणी भरून ठेवलं, रॉकेल ठेवलं, तंबूचे खिळे पुन्हा ठोकले, त्याची म्हातारी पांढरी घोडी माझ्यापाशी बांधली, आणि दुसऱ्या घोड्यावर बसून गेला. डोंगराच्या वळणावर एकदा थांबलेला दिसला. मग तेही नाही.

मग मी कामाला लागले. अंग आखडायच्या आत हातपाय सरळ करायचे असतात, हे आईच्या वेळी बघितलेलं होतं. माझ्या मफलरनं हनुवटी बांधली. पायाचे अंगठे एकत्र बांधायला दोरा हवा होता, म्हणून उजव्या बुटाची ती नाडी ओढून काढली आणि तिनंच बांधले. तुळशीपत्र नव्हतं, ओढ्याचं पाणी होतं. ते बोटानं ओठांवर सोडलं. दिव्याला हेडलँप. त्याचा उजेड उन्हात दिसतही नव्हता, तरी चालू ठेवला. ऊन वर आलं तसा तंबू तापायला लागला, तेव्हा घोड्यांची जाड घोंगडी वर टाकली, दोन्ही दारं उघडली, वारा आरपार जाऊ दिला. एवढं सगळं झालं आणि हाताला काम उरलं नाही. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या केसांकडे गेलं. अंबाडा सुटला होता, केसांत माती भरली होती.

माझ्या सॅकमध्ये कंगवा असतोच. मी आक्कांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं आणि हळूहळू गुंता काढायला लागले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. केस मऊ होते, मला वाटलं होतं त्याहून खूप मऊ, आणि लांब. उजव्या कानामागं बोट गेलं तर तिथं केसच नव्हते. बोटभर लांब, खोल, जुनी खोक होती. म्हणून तो अंबाडा कानांवर ओढलेला! हे कुणाचं, कधीचं, मला कुणी कधी बोललं नव्हतं. मी तिथं हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं आक्का… हे गं काय?" आयुष्यभर मी त्यांना अहो-जाहो केलं. अगं म्हणाले ते तेव्हा, आणि मग थांबलेच नाही. वेणी घालत घालत मी बोलत होते. काय काय बोलले, सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. पार्लरमधल्या बायकांसमोर हसायच्या त्याबद्दल भांडलेसुद्धा. वेणी चांगली झाली. खोक झाकेल अशी घातली.

दुपारी वारा सुटला. एक डोमकावळा आला, तंबूपासून थोडा लांब बसला. तो पाय उचलून जवळ सरकला की मी दगड मारायचे, तो उडायचा, पुन्हा यायचा. माझा नेम कधी नव्हता, पण संध्याकाळपर्यंत बरा बसायला लागला होता. उतरत्या उन्हात रानगाढवं आली. पंधरा-वीस असतील. ओळीनं उभी राहिली आणि बघत राहिली, घोडी त्यांच्याकडे बघून खिंकाळली. मी म्हणाले, "आक्का, बघ, आली तुझी मंडळी." आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं. इतकं मोठ्यानं रडले की गाढवं उधळली. रडायला मोकळं होतं रान… कुणी विचारणार नव्हतं, कुणी गप्प बस म्हणणार नव्हतं.

रात्रीचं मी लिहीत नाही. थंडी होती, आणि आम्ही दोघी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना वळणावर माणसं दिसली. ताशीनं खिंडीपलीकडच्या रस्त्याच्या कामावरून मजूर आणले होते, सात-आठ जण, झारखंडचे. हाडकुळी पोरं, कानटोप्या घातलेली, बरोबर स्ट्रेचर. त्यांनी आल्या आल्या टोप्या काढल्या. आक्कांना चादरीत नीट गुंडाळलं आणि उचललं. खिंड चढताना चौघं खांदा द्यायचे, दमले की दुसरे चौघं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, चढाच्या वेळी फक्त दबक्या आवाजात "राम नाम सत्य है". कन्नडच्या वस्तीवरच्या बाईला खांदा द्यायला कुठलीकुठली माणसं! मी घोडीचा दोर धरून मागं चालत होते. एका विश्रांतीला त्यांच्यातल्या एकानं मला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "माँ थीं आपकी?"

"नहीं. ननद."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ननद के लिए रुकी थीं आप? अकेली?" मग दुसऱ्याला त्यांच्या बोलीत सांगितलं, आणि तोही वळून बघायला लागला.

खिंडीपलीकडे, मजुरांच्या छावणीतल्या फोनवरून मी बापूंना लावला. कंपनीत होते, मागं यंत्रांचा आवाज. मी म्हणाले, अहो, आक्का गेल्या.  मग त्यांनी विचारलं, "कोण आक्का?" मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. "कोणती आक्का?" तेच, अगदी शांतपणे, चौकशीच्या आवाजात. जगात त्यांना एकच आक्का होती. शेवटी त्यांच्या सोबतीच्या माणसानं फोन घेतला.

तिथून आक्कांना गाडीनं लेहला नेलं, बापू तिथं आले. आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्यांनी असा केला. आक्कांचं तोंड बघितलं, वेणीवरून हात फिरवला आणि कानामागं बरोबर त्या जागेवर त्यांचं बोट थांबलं. "गोफणीचा दगड," म्हणाले. "मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात गेली व्हती. आठ-नऊ वर्षांची आसंल. मी झोळीत व्हतो म्हणं, आन ती मधी आली." त्यांनी ते बोट तिथून किती वेळ उचललं नाही. परत न्यायचं की नाही यावर गावाकडून फोनवर फोन येत होते. बापूंनी कुणाचंच ऐकलं नाही. "तिला हिथून हलवायचं नाय," एवढं म्हणाले आणि लेहलाच अग्नी दिला. अस्थी तेवढ्या पैठणला गोदावरीत सोडल्या.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. कन्नडची चुलतसासू तोंडाला पदर लावून विचारत होती, "भ्या नाय वाटलं का गं तुला? मड्यापाशी, एकटीला?" तेव्हा नाही वाटलं. खरंच नाही. भीती आता वाटते. पार्लर पुन्हा उघडून तीन आठवडे झाले. खुर्चीत बाई बसते, मी तिच्या चेहऱ्यावर लेप लावते, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवते, बाई शांत पडून राहते… मी बोलत राहते, काहीही विचारत राहते, ताई, पोरं काय म्हणतात, ताई, जास्त गार लागतंय का. एकीनं वैतागून सांगितलं, अहो, जरा डोळा लागू द्या ना. परवा मी एका बाईच्या नाकापाशी बोट धरून उभी होते आणि तिनं डोळे उघडले.  

बापू तर लेहहून आल्यापासून मोजकंच बोलत. त्या दोन दिवसांबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगायला लागले की ते उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, रागावलेत. मग वाटायचं, नाही, राग नाही. काय आहे ते मला समजत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

गेल्या आठवड्यात आमचा तंबू आला. ताशीनं तो एका ट्रकवाल्याबरोबर खाली धाडला आणि पुढं पार्सलनं इथं. घडी दमट होती, कुबट वास येत होता. रविवारी मी तो गच्चीवर नेला आणि उन्हात उभा केला. खिळे ठोकायला माती नव्हती, म्हणून चारी कोपऱ्यांना कुंड्या बांधल्या. बापू कधी वर आले कळलं नाही. जिन्याच्या दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या आणि गुडघ्यांवर रांगत आत गेले.

"डोकं कुठल्या अंगाला व्हतं तिचं?" आतून आवाज आला.

मी दाखवलं. ते तिथं डोकं टेकून, पाय दाराकडे करून आडवे झाले. आत भट्टीसारखं तापलं असणार. कापडातून गाळून आलेला पिवळट उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"आन तू?"

मी आत शिरले आणि त्यांच्या उशाशी, तेव्हा बसले होते तशी बसले. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी दोन्ही कानांकडे ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"सांग आता," ते म्हणाले. "पहिल्यापासनं. काय बी गाळू नको."

मी सांगायला लागले. कितीतरी दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, खाली गल्लीत आरडाओरड झाली, घराघरांतल्या मोटारी सुरू झाल्या. शेजारीण खालून हाका मारत होती, "शोभावहिनी, पाणी आलं! मोटार लावा!" ती बराच वेळ हाका मारत राहिली. आम्ही दोघंही हललो नाही.